तिसऱ्या चुलीची सुपारी

त्या दिशी इहिरीवर कोन कोन व्हतं ते आधी सांगते, मंग कुनी म्हनू नये की म्हातारीनं मानसं मागून घुसवली. लिंबाखाली घोंगडीवर थोरले भाया. नवऱ्याच्या मोठ्या भावाला आमच्याकडं भाया म्हंत्यात. त्येंच्या बाजूला मधले भाया. समोर माझा धाकला दीर, मांडीवर वही घिऊन. दिराच्या मागं धनगरबाबा, ज्याच्या मेंढ्या दरसाली आमच्या वावरात बसायच्या. तो घरचा न्हवं म्हनून सुपाऱ्यांची थाळी त्याच्याजवळ. आन गोठ्याच्या कुडाआड सासूबाई, ज्येंना आमी आत्याबाई म्हनायचो, मोठी जाऊ, मी, आन माझी पाच वर्साची पोरगी. मधली जाऊ माहेरी गेलती. बस. मोटेची बैलजोडी व्हती, पन बैल काही साक्षीला येत न्हाईत.

नावं घेनार न्हाई. मेलेल्या मानसाला आता काहून वढायचं. माझी नात हे लिहून घिऊन राहिली. एक पान झालं की मी तिला वाचून दाखवायला लावते. ती चिडते. म्हनती, "आजी, तुजा एक बी शब्द बदलला न्हाई." म्या म्हनते, "न्हाई बदलला तर वाच की मंग." मला ही सवय एका कागदानं लावली, त्याचंच सांगायचं हाय.

सासऱ्यानं मरायच्या आधी चार पोरांच्या चार चुली मांडून देल्या. थोरले, मधले, माझा नवरा, आन धाकला. धाकल्याचं लगीन व्हायचं व्हतं म्हनून आत्याबाई त्याच्या चुलीवर. वावरं वाटली, बैलं वाटले. इहीर वाटता येत न्हाई. ती चौघांची ठिवली, आन आठ दिसातले दोन-दोन दिस मोट ज्याची त्यानं चालवायची असं सासऱ्यानं ठरवून देलं. पुढं दोन सालात माझा नवरा तापानं गेला. पोरगी तवा रांगत व्हती.

इहिरीचं काही ठरवायचं झालं, गाळ काढायचा, मोटेच्या बैलांची धाव बांधायची, नवी मोट शिवून घ्यायची, तर दिवाळी झाल्यावर लिंबाखाली बैठक बसायची. थोरले बोलून दाखवायचे. ज्या चुलीला पटलं त्या चुलीनं थाळीत सुपारी ठिवायची. न्हाई पटलं तर सुपारी मुठीत धरायची. भांडायचं न्हाई, मूठ झाकली की समजायचं. चार सुपाऱ्या, चार चुली. माझी तिसरी.

पन मी बैठकीत कशी जानार? भायांसमोर बाई तोंड उघडत न्हाई. सावली बी पडू देत न्हाई. आजच्या पोरींना हे खरं वाटत न्हाई, पन मी माझ्या थोरल्या भायांचं तोंड नीट पाहिलं ते त्येंना तिरडीवर ठिवलं तवा. काही सांगायचं असलं तर लेकराला सांगितल्यावानी सांगायचं. "पोरी, म्हनावं बैल सुटलाय." भाया ऐकायचे आन पोरीलाच जबाब द्यायचे. एवढं चालायचं. पन सुपारीचं काय, ते कुनी ठरवलं न्हवतं. नवरा गेल्यावर पहिल्या दोन बैठकांत गाळ काढायचंच ठरलं. त्याला कोन न्हाई म्हंतंय. माझी सुपारी कुनी ठिवली ते म्या इचारलं बी न्हाई.

पोलीस अॅक्शन झाली त्याच्या आधल्या सालची गोष्ट. धाकला दीर हैदराबादेला शिकत व्हता. तिकडं गडबड झाली, साळा बंद पडली, तो घरी आला. घरी कुठला राहतोय. दोन दिसाआड कनेरगावच्या नाक्यापल्याड. नाका म्हंजी तवा निजामाची हद्द. पल्याड वाशीम, तिकडं इंग्रजांचा मुलूख, आन आता इंग्रज बी गेलेले. नाक्यावर गठुडी सोडून पाहायचे. ह्यो घोंगडीच्या घडीत वर्तमानपत्र लपवून आनायचा. मला भ्या वाटायचं. घरात तरनी बाई, पोरगी, आन ह्येच्या घोंगडीत कागद. कधी कोन दार वाजवील सांगता येत न्हवतं. तवापासून दिराच्या हातात कागद दिसला की मी आधी दाराकडं पाहायचे.

एका दुपारी आमी अंगनात भुईमुगाच्या शेंगा तोडत बसलो व्हतो. मी आन मोठी जाऊ. आत्याबाई खाटंवर. दीर कागद घिऊन आला आन सांगायला लागला.

"वहिनी, दिल्लीला मोठी बैठक बसलीय. समद्या देशाचा कायदा लिहून राहिले."

"आपून त्या देशात हाव का?"

"आज न्हाई. पन उद्या असू."

"मंग उद्या सांगा," म्या म्हनलं.

जाऊ हसली. पन त्याला सांगितल्याबगर चैन न्हवतं. म्हनला, देश म्हंजी एक मोठं घर आन त्यात लई चुली, आपल्यावानीच. मोठ्या घरानं काय करायचं आन चुलीनं आपल्या मनानं काय करायचं, ते आधीच लिहून ठिवायचं. फौज, रेल्वे, टपाल मोठ्या घराचं. वावराचा सारा, पोलीस, दवाखाना चुलीचं. आन काही काही दोघांचं.

"दोघांचं म्हंजी भांडनाचं," जाऊ म्हनली.

"म्हनून तर लिहायचं ना अक्का, की दोघांत जमलं न्हाई तर कुनाचं खरं धरायचं."

"कुनाचं?"

"बहुतेक मोठ्या घराचं."

"मंग थोरल्यांचंच की! त्याला कागद कशाला वाया घालवला? माझ्या घरधन्याला इचारलं असतं तरी सांगितलं असतं."

दीर बी हसला. मंग म्हनला, कायदा करनाऱ्या बैठका दोन असनार. एकीत मानसं मोजायची, जिथं तोंडं जास्त तिथली मानसं जास्त. दुसरीत चुलीचं म्हनून मानूस बसायचं. दोन्हीतून पार पडलं तर कायदा.

"एका बैठकीत एवढं डोकं उठतंय," म्या म्हनलं, "दोन कशाला?"

"एकीनं घाई केली तर दुसरीनं धरावं. न्हाई तर ज्येची तोंडं जास्त त्येचंच समदं."

मी शेंगा तोडीत व्हते, पन हे माझ्या कानात राहिलं. थोरल्या भायांच्या घरात सात तोंडं. माझ्यात दीड. मी इचारलं, "तिथं आपल्याकडून कोन बसतंय?"

"हैदराबादेला मजलिस हाय, कायद्याचीच बैठक. तिथं शेतकऱ्यांच्या नावानं बी मानसं हायेत."

"कोन?"

त्याला ठाऊक न्हवतं.

"घ्या," आत्याबाई खाटंवरून म्हनल्या, "शेतकऱ्याच्या नावानं बसला, आन शेतकऱ्याला त्येचं नाव ठाऊक न्हाई."

हे वाक्य आत्याबाईच म्हनल्या, हे ध्यानात ठिवा.

मंग दिरानं वही काढली. म्हनला, मी आपल्या इहिरीचं बी तसंच लिहिलंय. गाळ, धाव, मोट हे बैठकीनं ठरवायचं, तीन सुपाऱ्या पडल्या की झालं. चुलीनं आपल्या वावरात काय पेरायचं त्यात बैठकीनं पडायचं न्हाई. आन कुनाची पाळी कमी करायची असंल तर बाकीच्या तिन्ही सुपाऱ्या पडल्या तरी चालनार न्हाई, त्या चुलीची सोताची सुपारी पडली तरच. एवढं सांगून माझ्याकडं वळला.

"वहिनी, तुमच्या चुलीची सुपारी कोन ठिवंल त्येचं नाव सांगा. मी लिहितो. आन हितं अंगठा द्या."

एवढं गोड बोलून शेवटी अंगठा! दिल्ली, हैदराबाद, फौज, रेल्वे, समदा फेरा मारून मानूस माझ्या अंगठ्यावर आला. माझ्या माहेरी चुलत्यानं एका बाईचा असाच अंगठा घेतला व्हता, 'नुसतं हजरी लावायची' म्हनून. ती पुढं जल्मभर दुसऱ्याच्या वावरात निंदायला जात व्हती. तिला मी पाहिलेलं.

"मला वाचता येत न्हाई," म्या म्हनलं.

"मी वाचून दाखवतो."

"तुमी लिहिलेलं तुमीच वाचून दाखवनार?"

त्याचं तोंड उतरलं. "वहिनी, मी तुमचा दीर हाव."

"म्हनूनच तर," म्या म्हनलं.

जाऊ हसली, आत्याबाई हसल्या न्हाईत. त्या उठून आल्या, म्हनल्या, "राहू दे रे. तिच्या मनात न्हाई तर कशाला तकलीफ देतो. मी हाव की तिला." मला लई आधार वाटला. मी त्येंचे पाय दाबून देले त्या दिशी.

चार दिसानं बैठक झाली. मी कुडाआड न्हवते, पोरगीच्या अंगात ताप व्हता म्हनून घरात व्हते. आत्याबाई जाऊन आल्या. म्या इचारलं, काय ठरलं? "समदं बराबर झालं," त्या म्हनल्या, आन चुलीत फुंकर मारायला लागल्या. त्याच दिशी दीर दारात उभा राहिला. आत आला न्हाई. म्हनला, "वहिनी, असं काहून केलं?" मला वाटलं, चोरच मला इचारून राहिला. म्या कवाड लोटून घेतलं. दुसऱ्या दिशी तो नाक्यापल्याड गेला तो लई दिस आलाच न्हाई.

माझ्या पाळीच्या दिशी मी हळदीत पान्याचं बारं द्यायला गेले, तर मोटेवर थोरल्या भायांचा गडी. म्हनला, "बाई, आता आठात तीन दिस थोरल्यांचे, तीन मधल्यांचे, दोन धाकल्यांचे. तुमाला पाटात उरलं तर."

हळदीला उरलेलं पानी चालत न्हाई. पाऊस गेल्यावर तिला टायमावर पानी लागतं, न्हाई तर कंद भरतच न्हाई, वरून पानं करपत्यात. मी घागरी वाहिल्या. डोक्यावर घागर, काखंत पोरगी. पाच-सहा वाफे कसेतरी राखले, बाकीचं पिवळं पडून झोपलं. उकरलं तवा बोटाएवढ्या गाठी. त्या साली आमी दोघींनी मुगाची पातळ आमटी आन जवारीच्या भरडून केलेल्या कन्या खाल्ल्या, त्याचं काही इशेष न्हाई, लई जनांनी खाल्ल्या.

समद्या सालभर मी दिराला शिव्या देल्या. मनात. त्येच्याच वहीनं माझी पाळी खाल्ली, बाकी कोन हाय लिहिनारं? वर्तमानपत्र वाचनाऱ्याचं डोकं असंच चालतं, मोठमोठ्या गोष्टी सांगायच्या आन बाईचं पानी वळवायचं. थोरल्या भायांवर बी संशय व्हता, मधल्यांवर बी, जावंवर बी. आत्याबाईवर न्हाई. त्या तर माझ्या पोरीला तेल लावायच्या.

मंग ते पोलीस अॅक्शनचं साल आलं. रस्त्यानं कोनाच्या बंदुका चालल्या, कोन गाव सोडून गेलं, कोन परत आलं न्हाई, ते मी सांगत बसत न्हाई. आमी दोन येळा डोंगरात जाऊन राहिलो. एक दिस इमानं गेली वरून, आन चार-पाच दिसात निजामाचं राज्य संपलं म्हनून दवंडी झाली. दीर परत आला, वाळून काटकी झालेला. मी त्याला पानी देलं. तांब्या ठिवून आत गेले.

जवारी काढली आन धनगरबाबा आपल्या मेंढ्या घिऊन आला. मेंढ्या बसवायला वावर बघत बघत माझ्या तुकड्यात आला. मी मेंढ्यांना वाट दाखवून राहिले व्हते.

"बाई, हळद न्हाई लावली औंदा?"

"पानी कुठंय बाबा."

"अगं, तूच देलंस की पानी. मागल्या साली थाळी माझ्याच म्होरं व्हती. धाकल्यानं मूठ धरली, लई भांडला, की तिसऱ्या चुलीची सुपारी पडल्याबगर व्हनार न्हाई. मंग तुझी सासू आली आन तुझी सुपारी ठिवली. म्हनली, तिनं अंगठा देला न्हाई, कुनाचं नाव सांगितलं न्हाई, तवा तिची सुपारी माझी. तुजी पडली म्हनून तर तीन झाल्या."

मी तिथं ढेकळावर बसले. मेंढ्या माझ्या दोन्ही बाजूंनी निघून गेल्या.

दिरानं जे दार माझ्यासाठी बांधलं व्हतं, त्येला कडी मीच लावू देली न्हाई. नाव सांगितलं असतं, 'माझी सुपारी मीच ठिवनार' एवढं जरी म्हनले असते, तर लिहिलं गेलं असतं.

घरी गेले. आत्याबाई तांदूळ निवडत व्हत्या. म्या सरळ इचारलं. त्येंनी लपवलं न्हाई.

"व्हय, ठिवली," त्या म्हनल्या. "थोरला म्हनला, इहीर माझ्या सात तोंडांना पुरत न्हाई, मी दुसरी पाडतो, हिच्यात राहत न्हाई. इहीर दोन झाल्या की घरं दोन झाली. माझ्या डोळ्यादेखत? तुला एक पोरगी. ती उद्या दुसऱ्याच्या घरी जानार. तुला मी उपाशी ठिवलं असतं का?"

"कन्या खाल्ल्या आत्याबाई."

"मी बी त्याच खाल्ल्या."

ते खरं व्हतं. पन खरं असलं म्हनून बराबर व्हत न्हाई.

तर ती बैठक, जिथं कोन कोन व्हतं ते मी वर सांगितलं. थोरले भाया म्हनले, मागल्या सालचंच पुढं चालू. त्येंनी सुपारी टाकली. मधल्यांनी टाकली. दिरानं मूठ धरली. धनगरबाबानं कुडाकडं पाहिलं. आत्याबाई उठायला लागल्या, तवा म्या त्येंचा पदर धरला. आन पोरीला म्हनलं, पन समद्यांना ऐकू जाईल असं म्हनलं,

"पोरी, सांग, तिसऱ्या चुलीची सुपारी तिसरी चूलच ठिवनार. दुसऱ्या कुनी ठिवली तर ती सुपारी न्हवं, खडा हाय."

मंग थोरले भाया पोरीला म्हनले, "पोरी, तुझ्या आईला सांग, वहीत आमा भावांच्या सह्या हायेत, तिचा अंगठाच न्हाई. जिचा अंगठा न्हाई तिला वहीतला कायदा न्हाई."

बोलला तो दीर.

"दादा, पाळी वहीनं देली न्हाई. पाळी बाबांनी देली. वही फक्त म्हंती की ती काढून घ्यायचा हक या बैठकीला न्हाई. वहिनीचा अंगठा असो न्हाई तर नसो, आपल्याला जो हक न्हाई तो न्हाईच. दिल्लीला बी तेच लिहून राहिले. बैठक केवढी बी मोठी असो, काही गोष्टींना तिचा हात पोचूच द्यायचा न्हाई."

"दिल्लीला इहीर हाय का?" मधले भाया म्हनले. धनगरबाबा खो-खो हसला. थोरले हसले न्हाईत. त्येंनी पोरीकडं पाहिलं. मंग म्हनले, "पोरी, सांग तुझ्या आईला, सुपारी घिऊन ये म्हनावं."

मी पदर डोळ्यापस्तोर वढून कुडाबाहेर आले. थाळीपस्तोर दहा पावलं. सुपारी मुठीत व्हती, ती मुठीतच ठिवली, आन मूठ थाळीवर धरली. उघडली न्हाई. मंग माघारी आले. जाऊ कुडाआडून म्हनली, "जमिनीत गेली न्हाई गं तू! मला वाटलं जातीस." तिनं माझा हात दाबला. तिच्यावर सालभर संशय घेतला व्हता म्या.

दोन दिस माझे मला मिळाले. आत्याबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या न्हाईत. मंग एका सकाळी पोरीला तेल लावता लावता म्हनल्या, "औंदा हळद लावशील तर बेनं माझ्याकडलं घी." झालं. थोरल्यांनी दुसरी इहीर पाडली न्हाई.

शेवटी अंगठ्याचं. तीच वही मधले भाया कळमनुरीला घिऊन गेले, कचेरीसमोरच्या अर्जनवीसाकडं, म्हने पक्कं करून आनतो. आनलं तवा पानाच्या पुढल्या अंगाला दिराचं मराठी, आन पाठीमागं उर्दूत भरून लिहिलेलं. "तेच हाय, उर्दूत उतरवलंय," मधले म्हनले. पुढं दिराचं लिहिलेलं म्या तिघांकडून वाचून घेतलं, तिघांचं सारखं निघालं, तवा पुढं अंगठा देला. पाठीमागं देला न्हाई. पुढं पाच वळी आन पाठीमागं नऊ, मंग 'तेच' कसं? दीर म्हनला, उर्दूला जागा लागत असंल. त्याला उर्दू येत व्हती, तो वाचून बी दाखवीत व्हता. म्या नको म्हनलं. घरातल्याकडून ऐकायचं न्हवतं.

ते पान आजून माझ्या पत्र्याच्या पेटीत हाय. चौघं भाऊ गेले, आत्याबाई गेल्या, मधल्यांची नातवंडं आता इहिरीवर मोटार बसवायचं बोलून राहिलीत आन माझ्या पोरीच्या पोरांना म्हंत्यात, तुमचं नाव कुठंय. मला उर्दू वाचनारं गावात आता कुनी सापडत न्हाई.

तवा हे वाचनाऱ्याला एवढंच मागनं हाय. तुमाला उर्दू येत असंल, आन तुमचा आमच्या घराशी काही संबंध नसंल, तर एक दिस या. जेवून जा. आन ते पाठीमागचं मला वाचून दाखवा, नवाच्या नव वळी, एक बी गाळू नका.